रंग दिलेल्या टाक्या

मेडशीत कोणाला बैलांची शिंगं रंगवून हवी असली, की तो सरळ चंपतभाऊंच्या ओट्यावर यायचा. एरवी कोणाला जवळ न येऊ देणारा मारका बैलसुद्धा त्यांच्या ब्रशाखाली गुमान उभा राहायचा. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर कमळ, लोखंडी पलंगाला हिरवा रंग, धान्याच्या कोठीला चंदेरी, लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं, ही गावातली सगळी कामं त्यांचीच. आमची आणि त्यांची भिंत एक. रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास आमच्या फोडणीत मिसळायचा, त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती, की पाहुण्यांनी नाक मुरडलं तरच लक्षात यायचं.

त्यांना मूलबाळ नाही. तुळसाबाई, त्यांच्या घरच्या, नक्षीच्या कामात त्यांच्याहून हुशार. मोठा रंग चंपतभाऊ द्यायचे आणि वेल, फुलं, पोपट तुळसाबाई काढायच्या. "रंग माहा, डोक्स तिचं," असं ते येईल त्याला सांगायचे. तुळसाबाई लटक्या रागानं म्हणायच्या, "आन पैसे मांगाले लाज वाटते थे तोंड कोनाचं?" दोघांचं असं चाललेलं असायचं. ऐकायला बरं वाटायचं.

त्या छोट्या टाक्यांचं काम कसं सुरू झालं ते सांगते. आमच्या भागात गावाबाहेर मळ्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावणारी बरीच घरं. दिवसभर तिथंच राहावं लागतं. चहा, एखादी भाकरी तिथंच करावी लागते. सरपण ओलं असलं की डोळे जातात. त्यामुळे ज्याच्या त्याच्याकडे दोन-तीन किलोची छोटी गॅसची टाकी. वरच बर्नर बसवलेला, उचलली की चालती. या टाक्या कुठल्याच कंपनीच्या नसतात. कोणी बाजारातून आणलेली, कोणाला आंदणात आलेली. गॅस संपला की कोणीतरी ओळखीचा मोठ्या टाकीतून नळीनं भरून देतो. हे चुकीचं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे करतात.

किशन भंगारवाल्याच्या आवारात एकदा चंपतभाऊ जुनं पत्र्याचं दार पाहायला गेले होते. तिथं कोपऱ्यात अशा गंजलेल्या टाक्यांचा ढीग दिसला. त्यांना त्या पाहवल्या नाहीत. चांगली वस्तू रंगावाचून सडते आहे, असं त्यांना कुठंही दिसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. लोखंडाच्या भावात टाक्या घरी आणल्या. पॉलिश पेपरनं घासल्या. गंजानं जिथं जिथं खड्डे पडले होते तिथं लांबी भरली. लांबी म्हणजे रंगारी लोक भेगा बुजवायला वापरतात तो लगदा. ती वाळली की पुन्हा घासून गुळगुळीत करायची आणि वर ऑइलपेंटचे दोन हात. मग तुळसाबाईंनी गळ्याभोवती वेल काढली. टाकी अशी दिसायची, की चुलीजवळ ठेवायची की देवघरात, असा प्रश्न पडावा.

लोकांनी उचलल्या. मळेवाल्यांनी घेतल्या, ऊसतोडीला जाणाऱ्यांनी घेतल्या, शिकायला शहरात गेलेल्या पोरांच्या आयांनी घेतल्या. दसऱ्याला बायका विळा, पावशी, शिलाई मशीन यांच्या रांगेत ती टाकी मांडून तिला हळद-कुंकू लावायच्या. एक टाकी मीही घेतली होती. चंपतभाऊ सांगायचे, "नव्यापेक्षा मजबूत हाय, वैनी. आत लांबी भरली म्या."

त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी देवावर हात ठेवून सांगेन. त्यांनी आयुष्यभर कोठ्या दुरुस्त केल्या. भोक पडलेल्या कोठीत लांबी भरून रंग दिला, की त्या कोठीत वर्षानुवर्षं ज्वारी राहायची. टाकीही त्यांना कोठीच वाटली. पण ज्वारी आपली कोठीत बसून राहते. गॅस बसत नाही, तो रात्रंदिवस आतून ढकलत असतो. एवढा साधा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही, आणि आमच्यापैकी कोणाच्याही आला नाही.

थंडीचे दिवस होते. तुळसाबाईंची घरातली मोठी टाकी संपली होती, म्हणून त्यांनी मागच्या अंगणात ठेवलेली त्यांची स्वतःची छोटी टाकी पेटवली. अंगण त्यांनी सकाळीच सारवलेलं. त्या रोज सारवायच्या आणि टाकी कायम त्या ओलसर जमिनीवर उभी असायची. मी भिंतीपलीकडे तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांचा आवाज आला, "सुं सुं काय वाजून राह्यलं व हे?" मला वाटलं पाण्याला आधण आलं असेल. मग एकदम भपकन आवाज झाला आणि त्यांची किंकाळी.

मी पोतं हौदात बुचकळलं आणि धावले. त्यांचं लुगडं खालून पेटलं होतं. गॅस जमिनीवरून पसरला होता, म्हणून पाय आधी भाजले, मग विझवायला गेल्या तर हात. मी पोत्यासकट त्यांना मिठी मारली. त्या वेळी माझ्या तोंडून देवाचं नावसुद्धा निघालं नाही. नुसतं "माय, माय" निघत होतं.

जीपनं अकोल्याला नेलं. दुसऱ्या दिवशी चंपतभाऊ कपडे घ्यायला घरी आले, तेव्हा मी त्यांचं अंगण झाडत होते. ती टाकी आडवी पडली होती. तिचा बुडाकडचा रंग जळून गेला होता. चंपतभाऊंनी ती उलटी केली. बुडाशी फुगून आलेली लांबी त्यांनी नखानं टोकरली, तर तिचा खपला निघून हातात आला. खाली सुईच्या टोकाएवढं भोक.

ते उकिडवे बसले. मी झाडू टाकून जवळ गेले.

"वैनी," ते म्हणाले, "हे भोक म्या भरलं होतं. मले आठवते. थंडीनं लांबी वाळत नोती म्हून म्या हे टाकी उन्हात ठेवली होती."

मी म्हटलं, "भाऊ, आधी त्यांना बरं होऊ द्या."

तुळसाबाईंच्या हातापायांना पट्ट्या होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या छताकडे पाहत होत्या. चंपतभाऊ त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. टाकीचं त्यांनी तिथंच सांगून टाकलं. लपवायची त्यांना कलाच नव्हती.

तुळसाबाईंनी तोंड फिरवलं. चमच्यातलं पाणी उशीवर सांडलं. मग म्हणाल्या, "बाकीच्या कुठं कुठं हायेत?"

"तू आराम कर."

"आराम कायचा करता? फुलं म्या काढले त्याच्यावर. लोकाईनं फुलं पाहून घेतल्या. जा, आना साऱ्या. वैनी बसते माह्याजवय."

तेव्हापासून चंपतभाऊंच्या आयुष्यात हे एकच काम राहिलं. कोणाला कुठली टाकी दिली, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण रंग त्यांच्या लक्षात होता. निळी जऊळक्याला, शेंदरी शिरपूरला, पोपटी अमक्या मळ्यात. सायकलवर पोतं बांधून ते निघायचे. परत द्यायला पैसे नव्हते, ते दवाखान्यात गेले होते. म्हणून त्यांनी रीत काढली, टाकीच्या बदल्यात रंगकाम. कोणाचं दार, कोणाची ट्रॉली, कोणाची कोठी. माझी टाकी मी तशीच दिली, तर दुसऱ्या दिवशी येऊन माझा दरवाजा रंगवून गेले. नको म्हटलं तरी ऐकेनात.

सगळेच काही सरळ देत नव्हते. कमलीबाईच्या मळ्यावर मी सोबत गेले होते, कारण ती बाई तोंडाची तिखट आणि माझी ओळखीची. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती.

"या, गॅसवाले! आज कायले आले?"

चंपतभाऊंनी सांगितलं.

"वा रे वा!" कमलीबाईनं जुडी आपटली. "इकतानी म्हनत होते, नव्यापेक्षा मजबूत. आता तुमची बायको भाजली तं माह्या चुलीवर डोया आला? मी कशावर च्या करू, तुमच्या डोक्स्यावर?"

"करा," चंपतभाऊ म्हणाले. "पन थे टाकी द्या."

"नाई देत. चांगली चालून राह्यली."

"निदान उलटी तं करून पाहू द्या, बाई."

ती कुरकुरत झोपडीत गेली आणि टाकी घेऊन आली. चंपतभाऊंनी टाकी उलटी केली आणि खिशातल्या किल्लीनं बूड खरवडलं. आधी रंग निघाला, मग पांढरी लांबी, मग गंज. गंजाचे पापुद्रे पापडासारखे सुटून पडले. भोक नव्हतं, पण पत्रा किती उरला होता ते देव जाणे. कमलीबाई वाकून पाहत होती. तिचा चेहरा उतरला.

"हे रोज माह्या नातीच्या उशाशी राह्यते," ती हळू म्हणाली. "झोपडीत जागाच कुठं हाय दुसरी."

मग तिनं टाकी दोन्ही हातांनी दूर ढकलली, जशी काही ती टाकी नसून साप होता. चहा मात्र तिनं पाजला. तीन दगडांवर, ओल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या धुरात, डोळे पुसत. "पऱ्हाटी फुटत तं नाई," म्हणाली.

टाक्या जमल्या, तर त्यांचं करायचं काय, हा पुढचा घोर. घरी ठेवणं म्हणजे तेच भय घरात आणणं. गॅस एजन्सीत विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, ह्या आमच्या नव्हेत, घेता येणार नाहीत. पण तिथल्या एका मेकॅनिकला चंपतभाऊंची दया आली. तो सुट्टीच्या दिवशी आला. टाक्या गावाबाहेर पडीक रानात नेल्या. बिडी, मोबाइल, सगळं लांब ठेवायला लावलं. वाऱ्याची दिशा पाहून एकेक टाकी मोकळी केली आणि मग तोटी काढून काठोकाठ पाणी भरून ठेवलं. "वास गेला म्हणजे टाकी रिकामी झाली असं समजू नका," तो म्हणाला. "पाणी भरल्याशिवाय हिला करवत लावायची नाही, आणि हे काम घरी कोणी करायचं नाही." टाकीच्या गळ्याच्या पट्टीवर तपासणीची तारीख ठोकलेली असते, तीही त्यानं दाखवली. एका टाकीवरचा रंग खरवडला, तर खाली अक्षरं निघाली. ती टाकी तुळसाबाईंच्या लग्नाच्याही आधीची असावी.

चंपतभाऊ त्या अक्षरांवर बोट फिरवत राहिले. "हे तं म्याच बुजवलं," म्हणाले.

किशन भंगारवाल्याला वाटलं होतं, टाक्या पुन्हा आपल्याकडे येतील.

"भाऊ, तशाच द्या ना. अख्ख्या टाकीले गिऱ्हाईक हाय. कापल्यावर नुसतं भंगार होते."

"भंगारच होऊ दे."

"तुमचंच नुसकान हाय. मले काय?"

"किशन, माह्यासमोर काप. दोन तुकडे झाल्याबिगर मी इथून हालत नाई."

पाणी ओतून टाकलेल्या, ओल्या टाक्या त्यांनी समोर उभं राहून कापून घेतल्या. फुलांचे, पोपटांचे अर्धे अर्धे तुकडे ढिगावर पडत होते. तुळसाबाई तेव्हा घरी आल्या होत्या. पायांची जळलेली कातडी ओढल्यासारखी झाली होती आणि उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. त्यांनी त्या तुकड्यांबद्दल विचारलं नाही. "किती राह्यल्या?" एवढंच विचारायच्या.

शेवटी एकच राहिली. शिरपूरच्या सुंदरबाईची. ती मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुटाणे, लाह्या विकते. चंपतभाऊ गेले, तर ती म्हणाली, "मी कुठं वापरली वो ते? माह्या ऋषिकेशसाठी घेतली होती. पोलीस भरतीसाठी पुन्याले होता ना थो."

ऋषिकेश घरीच होता. भरती झाली नव्हती, आता बापासोबत शेतात जायचा. म्हणाला, "काका, रूम सोडली तवा मी टाकी तिथंच ठेवली. मांगून आलेल्या पोराईले कामी पडन म्हून."

"कोन पोरं होते?"

"एक नांदेडकडचा होता. बाकीचे नाई माहीत. आता तं थेही गेले असतीन."

चंपतभाऊ पुण्याला गेले. त्याआधी ते अकोल्याच्या पलीकडे गेले नव्हते. पत्ता चिठ्ठीवर होता, घर सापडलं. घरमालकीण चांगली बाई असावी, तिनं पाणी दिलं. म्हणाली, पोरं दर वर्षी बदलतात, जाताना गाद्या, बादल्या, शेगड्या टाकून जातात. मागच्या दिवाळीला सगळं साफ केलं आणि हातगाडीवाल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. टाकी होती का त्यात? असेल. वेलबुट्टी काढलेली एक होती खरी.

ते परत आले त्या दिवशी मी त्यांच्याच घरी होते, तुळसाबाईंच्या पायांना खोबरेल लावत होते. ते दारातच पायऱ्यांवर बसले, चप्पलही काढली नाही. मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"वैनी, तिले सांगू का की सापडली म्हून? तुमी म्हना, तुमी पायली. तुमच्यावर तिचा भरोसा हाय."

खोटं बोलून कोणाला झोप लागत असेल, तर देव ते खोटं माफ करत असेलही. पण कोणाच्या तरी खोलीत ती टाकी उभी होती, आणि माझ्या जिभेवर ते शब्द येईनात. तोवर आतून आवाज आला.

"मले ऐकू येते. पाय भाजले माहे, कान नाई."

चंपतभाऊ आत गेले. त्यांनी सगळं सांगितलं. हातगाडी, भंगारवाला, सगळं. शेवटी म्हणाले, "आन त्या भंगारातून कोना माह्यासारख्यानं उचलली असन, पुन्हा लांबी भरली असन, दुसरा रंग देल्ला असन, तं समोरून गेली तरी मले ओयखू येनार नाई."

तुळसाबाई रडल्या नाहीत. मीच रडले.

आता चंपतभाऊ शिंगं रंगवतात, कोठ्या रंगवतात, पण पूर्वीसारखं बोलत नाहीत. वेल काढायला कोणी नाही, म्हणून कोठ्या नुसत्या चंदेरी असतात. कोणी हौसेनं विचारलं, तर म्हणतात, "साधीच बरी." आणि संध्याकाळी ते फाट्यावर जाऊन उभे राहतात. पुण्याच्या ट्रॅव्हल्स तिथं थांबतात. आसपासच्या गावांतली शिकणारी पोरं तिथूनच चढतात. त्यांच्या गोण्या, पेट्या, गाद्यांच्या वळकट्या पाहून चंपतभाऊ विचारतात, "बाबू, गॅसची टाकी हाय का आत?" पोरं हसतात. त्यांनी त्यांचं नाव गॅसबाबा पाडलं आहे. काही पोरं मुद्दाम म्हणतात, "हाय ना बाबा, दोन हायेत, भरून पायजे का?" ते ऐकून घेतात. कंपनीची पाच किलोवाली मिळते, आधार कार्डावर देतात, तारीख पाहून घ्या, असं सांगतात. ऐकणारे थोडे.

परवा मी अकोल्याहून येताना फाट्यावर उतरले, तेव्हा ते एका पोराजवळ उभे होते. पोराची आई सोबत. पोत्यात गोल काहीतरी होतं.

"नुसती पाहू द्या, बाई. बूड पाह्यतो आन देतो."

"काहून? पोलीस हाय का तुमी?" पोरगा म्हणाला.

आई चिडली. "पोराच्या जायच्या टायमाले कायले अशुभ बोलून राह्यले?" पण चंपतभाऊ हात जोडून उभेच राहिले, तेव्हा तिनं पोत्याचं तोंड उघडलं. लाल टाकी होती. त्यांनी ती उलटी केली, किल्लीनं खरवडली. लांबी नव्हती. नुसता रंग आणि खाली खडबडीत गंज.

"हे नेऊ नोका," ते म्हणाले. "माही नाई हे. पन नेऊ नोका."

"तुमची नाई ना? मंग झालं तं." तिनं टाकी हिसकली आणि पोतं बांधलं. चंपतभाऊ क्लीनरला सांगायला धावले. क्लीनर म्हणाला, गाडीला उशीर होतो, बाजूला व्हा. डिक्की भरली होती, म्हणून पोरानं पोतं पायांशी घेतलं. गाडी निघाली. आई गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. चंपतभाऊ तिच्या शेजारीच उभे होते.

आम्ही दोघं बरोबरच घराकडे आलो. तुळसाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या.

"होती का?" त्यांनी विचारलं.

"एक होती. आपली नोती."

"कोनाची तं होती."

चंपतभाऊ हातपाय धुवायला मोरीकडे गेले. पाणी पडत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी माझं कुलूप काढलं, देवापुढे दिवा लावला आणि त्या पोराचं नावही ठाऊक नसताना त्याच्यासाठी हात जोडले.